तुळशीच्या लग्नाला उघडलेलं घर

आई ऑक्टोबर २०२० मध्ये गेली आणि वाशीमच्या घराला कुलूप लागलं. मी पुण्यात, भाऊ नाशिकला, धाकटी बहीण रिसोडला. बहीण त्यातल्या त्यात जवळ. महिन्यातून एकदा ती यायची, अंगण झाडायची, तुळशीला पाणी घालायची, नळ सोडून बघायची आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायची. दोन वर्षं असंच चाललं.

घर रिसोड नाक्याच्या बाजूच्या एका लेआउटमध्ये. तीस बाय पन्नासचा प्लॉट, चार खोल्या, वर स्लॅब, मागं बोर, पुढं तुळशीवृंदावन. बाबांनी १९८७ मध्ये बांधलं तेव्हा वाशीम हे अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं आणि आमच्या ओळीपलीकडं तुरीचं शेत होतं. १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, बदलून आलेले साहेब लोक भाड्यानं घरं शोधू लागले आणि तुरीच्या जागी बंगले उभे राहिले.

फेब्रुवारी २०२२ मध्ये आम्ही फाटकावर 'घर विकणे आहे' अशी पाटी लावली आणि किल्ली एका दलालाकडं दिली. आठ महिन्यांत सात माणसं घर पाहून गेली. त्यातला एकही दुसऱ्यांदा आला नाही. माझी मुलगी अमेरिकेत ओहायोत असते. ती म्हणाली, "आई, इथं ओपन हाउस ठेवतात. रविवारी दुपारी घर उघडं ठेवायचं, कुणीही यावं, फिरून पाहावं. तसं करून बघ ना." मी ते बहिणीला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग कार्तिकातच उघडू. आईच्या तुळशीचं दोन वर्षं लग्न लागलं नाही."

५ नोव्हेंबर २०२२, शनिवार, कार्तिकातली द्वादशी. सकाळी नऊला दार उघडलं. रात्री आम्ही तिघं तिथंच झोपलो, सकाळी पुन्हा दार उघडलं आणि रविवारी रात्री आठला लावलं. तेव्हापासून ओळखीतलं कुणी घर विकायला काढलं की मला विचारतं, असं घर उघडून ठेवण्याचा उपयोग होतो का? मला त्याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही. म्हणून जे शिकले ते क्रमानं लिहिते.

१. गर्दी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे

शनिवारी दुपारी बैठकीत बसायला जागा उरली नव्हती. मुलीचा फोन आला, किती लोक आले म्हणून. मी आनंदानं म्हटलं, तीस तरी झाले असतील. रविवारी रात्री वही घेऊन बसलो तेव्हा एकूण ४३ नावं निघाली. त्यातले १९ शेजारीपाजारी, नऊ जणी आईच्या भजनी मंडळातल्या, चार दलाल, पाच जण फाटक उघडं दिसलं म्हणून सहज डोकावलेले. घर घ्यायचं मनात असलेले फक्त सहा. त्या सहांतले दोघं पुन्हा आले. घर त्या दोघांनीही घेतलं नाही.

ही पद्धत जिथली आहे त्या अमेरिकेतही याहून फार वेगळं घडत नाही. तिथली रिअल्टर लोकांची राष्ट्रीय संघटना घर घेणाऱ्यांची दरवर्षी पाहणी करते. घेतलेलं घर पहिल्यांदा कुठं सापडलं, या प्रश्नाला दारापुढची पाटी किंवा ओपन हाउस असं उत्तर देणारे अलीकडं शंभरात दहासुद्धा नसतात. बाकीच्यांना ते इंटरनेटवर नाहीतर एजंटमार्फत सापडतं. तेव्हा दोन दिवस दार उघडं ठेवलं की तिसऱ्या दिवशी इसार होईल, ही आशा कुणी धरू नये.

२. बंद घराबद्दल गाव बोलतं, आणि गिऱ्हाईक आधी गावाला विचारतं

हे मला उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा फार लागलं.

वाशीमसारख्या गावात घर घेणारा आधी मालकाकडं येत नाही. तो गल्लीच्या तोंडाशी पानठेल्यावर थांबतो, शेजारच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला हात जोडतो आणि विचारतो, "काकाजी, हे घर कसं हाये?" जे उत्तर मिळेल त्यावर पुढचं सगळं ठरतं. आमच्या शेजारचे काकाजी शनिवारी सकाळी पहिलेच आले. बाबांच्या वयाचे. चहा घेताना ते सरळ म्हणाले, "बाई, खरं सांगू का? मले वाटे तुमच्या भावा-बहिणीत कोर्टकचेरी चालू हाये. दोन वर्षं नुस्तं कुलूप पाह्यलं. दुसरं काय समजा माणसानं?"

आणि घर पाहायला आलेल्यांना ते आठ महिने हेच सांगत होते. त्यात खोटेपणा नव्हता, वैर तर नव्हतंच. त्यांना जे दिसत होतं त्यावरून त्यांनी अर्थ लावला होता. समोरच्या ओळीत दुसरी गोष्ट रुजली होती. बाबा याच घरातून गेले, आईही याच घरातून गेली, तेव्हा हे घर लाभत नाही. आणखी कुणी स्लॅब खचला असल्याचं सांगत होतं. आठ महिन्यांत आलेली सात माणसं दुसऱ्यांदा का आली नाहीत, याचा उलगडा मला त्या चहाच्या कपाशी झाला. आम्ही किंमत कमी करावी का, रंग काढावा का, यावर फोनवर तास घालवले होते. कुलपाबद्दल आम्हा तिघांपैकी कुणालाही काही सुचलं नव्हतं.

संध्याकाळी तुळशीचं लग्न लागलं. अंगणात सडा-रांगोळी, वृंदावनाला उसाचा मांडव, बोरं-आवळे, भजनी मंडळातल्या बायकांची मंगलाष्टकं. अंतरपाटाचं एक टोक भावानं धरलं, दुसरं बहिणीनं. मी अक्षता वाटत होते. आम्ही कुणाला काही समजावून सांगितलं नाही. वाद नाही असं तोंडानं सांगितलं असतं तर कुणी मानलंही नसतं. पण तिघं भावंडं एका अंगणात राबताना सगळ्या गल्लीनं पाहिली. बायका स्वयंपाकघरात गेल्या, मागच्या अंगणात गेल्या, गच्चीवर जाऊन आल्या. खचलेला स्लॅब कुणाला सापडला नाही. समोरच्या काकू जाताना म्हणाल्या, "तेहतीस वर्षं तुझ्या आईनं इथं संसार केला, तुम्हा दोघींची लग्नं याच मांडवातून झाली. लाभलं नाही कोण म्हणतं?" तेच वाक्य पुढं त्यांनी किती जणांना ऐकवलं असेल, ते मला मोजता येणार नाही. त्या दोन दिवसांत आमच्या हाती पडलेली सगळ्यात मोलाची गोष्ट ती होती.

३. घरच्या माणसानं घरात थांबावं

मुलीनं सांगितलं होतं की तिकडं ओपन हाउसच्या वेळी घरमालक बाहेर निघून जातात. पाहणाऱ्याला मोकळेपणानं बोलता यावं, न्याहाळता यावं म्हणून. भिंतीवरचे घरच्यांचे फोटोसुद्धा उतरवून ठेवतात. आपल्याकडं हे उलटं आहे आणि उलटंच बरं. इथं येणारा आधी बैठकीत टेकतो. गाव कोणतं, पाहुणे कुठले, वडील कुठं नोकरीला होते, हे विचारतो. विकणारा माणूस कसा आहे हे पाहून मगच तो भिंती पाहायला उठतो. आईचा फोटो आम्ही काढला नाही, आणि सहांतल्या तिघांनी तरी त्याला हात जोडले.

कपाटं मात्र रिकामी करून ठेवावीत आणि मागच्या खोलीत आपलं एक माणूस असावं. आमचं काही गेलं नाही, पण उघड्या घरात जायला वेळ लागत नाही. आईचा पाटा-वरवंटा काकूंनी मागून घेतला. तो त्यांनाच द्यायचा होता.

४. आधी कागद, मग दार

ही चूक आमची आहे आणि तिची किंमत आम्ही मोजली.

आलेल्या सहांत एक तरुण अभियंता होता. घर त्याला आणि त्याच्या बायकोला मनापासून आवडलं. दुसऱ्यांदा ते मुलालाही घेऊन आले. कर्ज काढायचं होतं, म्हणून बँकेच्या वकिलाकडं कागद गेले. वकिलांनी तीस वर्षांचा शोध घेतला आणि फाइल परत केली. प्लॉटच्या सातबारावर अजून बाबांचंच नाव होतं. बाबा २०११ मध्ये गेले. नगर परिषदेच्या घरपट्टीवर आईचं नाव लागलं होतं, आणि आम्ही धरून चाललो होतो की नाव लागलं म्हणजे झालं. घरपट्टीची पावती कर भरल्याचा पुरावा असते, मालकीचा नसते. वारसाचा फेरफार करायचा राहून गेला होता. तलाठ्याकडं अर्ज, वारसांची नावं, मग हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. आमचं काम जानेवारी २०२३ च्या मध्यावर पुरं झालं. तोवर त्या जोडप्यानं दुसरीकडं फ्लॅट घेतला होता. त्यांचं चुकलं नाही. भाडं भरत बसून कुणी किती थांबणार?

कागदांतली दुसरी गोष्ट मुलींच्या सहीची. दोन दिवसांत मला हे किमान दहा वेळा ऐकावं लागलं, "ताई, तुमचं लग्न २००५ च्या आधीचं ना? मग तुमची सही कशाला? भावाशी बोलणं करून द्या." माझं लग्न १९९६ चं. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की तो इथं नीट खोडून काढते. बाबांनी तो प्लॉट स्वतःच्या पगारातून घेतला होता आणि मृत्युपत्र केलं नव्हतं. अशा स्वकष्टार्जित मिळकतीत विधवा, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंच दिला आहे. मुलीचं लग्न कधी झालं याचा त्याच्याशी काही संबंध नाही. २००५ ची दुरुस्ती, जी ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क देणारी आहे. तिच्यातही लग्नाची अट नाही. त्या तारखेला वडील हयात असायला हवे होते का, हा वाद सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात मिटवला. वडील हयात नसले तरी हक्क आहे.

खरेदी घेणाऱ्यानं तर हे माझ्यापेक्षा जास्त लक्षात ठेवावं. बहिणीची सही नसलेलं खरेदीखत स्वस्त पडेल, पण पुढं दहा वर्षांनी दाव्याची नोटीस त्याच्याच दारात येईल. आमच्यात हक्कसोडपत्र झालं नाही. तिघांनी मिळून विकलं, तिघांनी सह्या केल्या, पैसे तिघांच्या खात्यात सारखे आले. भावानं हे स्वतःहून आधीच सांगून टाकलं होतं. त्याच्याबद्दल मला अभिमान वाटतो.

खेड्यातलं गावठाणातलं घर असेल तर सातबारा नसतोच, ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो. आता स्वामित्व योजनेत, जी एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली, ड्रोननं मोजणी होऊन मिळकतपत्रिका आणि सनद मिळू लागली आहे. ती आपल्या गावाला झाली असेल तर आधी हातात घ्यावी.

५. पाण्याचा पुरावा जपून ठेवावा

वाशीम शहराला पाणी एकबुर्जी धरणातून येतं. पाऊस ओढ देतो त्या वर्षी दोन नळांमधले दिवस वाढत जातात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हणून घर पाहणाऱ्याचा पहिला खरा प्रश्न खोल्यांचा नसतो. "बोरले पानी किती हाये?" हा असतो. आम्ही मोठ्या उत्साहानं मोटार चालू करून दाखवत होतो. एक शेतकरी गृहस्थ शांतपणे म्हणाले, "नोव्हेंबरात कोणाच्याही बोरले पानी राह्यते ताई. मे महिन्यातलं सांगा."

मला सांगता येईना. तेवढ्यात बहीण स्वयंपाकघरात गेली आणि दारामागच्या खिळ्यावरची जुनी कालनिर्णयं घेऊन आली. आई दिनदर्शिका फेकत नसे. चौकटीचौकटीत तिच्या बारीक अक्षरात दूधवाल्याचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, आणि त्याच्याच खाली 'नळ आला', 'बोर अर्धा तास', 'बोर दहा मिनिटं, टँकर'. एकेक उन्हाळा तिनं नोंदवून ठेवला होता. वाईट वर्षंही त्यात होती. त्या गृहस्थांनी चष्मा लावून पाच वर्षांचे एप्रिल-मे पाहिले. घर त्यांनी घेतलं नाही, त्यांना शेताजवळ हवं होतं. पण बाहेर पडताना काकाजींच्या ओट्यावर थांबून ते म्हणाले, घर खरं आहे. पुढं प्रत्येक पाहणाऱ्याला आम्ही ती कालनिर्णयं दाखवली. आमच्या सगळ्या कागदांत सगळ्यात जास्त विश्वास त्यांच्यावर ठेवला गेला.

६. दोष आपणच दाखवावा

मागच्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. दलालाचा सल्ला होता, रंगाचा एक हात मारून घ्या. आम्ही तो मारला नाही, आणि प्रत्येकाला त्या भिंतीपुढं नेऊन उभं केलं. यात चांगुलपणाचा भाग आहेच, पण कायदाही तेच सांगतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे, घेणाऱ्याला साध्या काळजीनं दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल तर तो त्यानं सांगितलाच पाहिजे. दाखवलेल्या ओलीनं किमतीत थोडंफार कमी होतं. लपवलेली ओल पहिल्या पावसात गल्लीभर पसरते, आणि तोवर आपण त्या गल्लीला तोंड दाखवायला उरलेलो नसतो. ज्या गल्लीनं आईला खांदा दिला, तिथं मला असं तोंड लपवायचं नव्हतं.

७. किंमत लिहून लावावी

शनिवारी आम्ही किंमत सांगितली नाही. "तुम्ही बोला" असं म्हणत राहिलो. त्यामुळं कुणी ३० म्हणालं, कुणी ६०, आणि बोलणं पुढं सरकेना. दलालानं आधी ५२ लाख सांगून ठेवले होते, ते समृद्धी महामार्गाच्या भरवशावर. तेव्हा सगळीकडं तीच चर्चा होती, नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू व्हायचा होता. पण तो रस्ता आपल्या जिल्ह्यात मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा या तालुक्यांतून जातो. वाशीम शहराला तो लागून नाही. महामार्गाजवळच्या शेलूबाजारच्या शेताचा भाव रिसोड नाक्याच्या जुन्या घराला लावून चालत नाही.

शनिवारी रात्री आम्ही गल्लीत गेल्या दोन वर्षांत झालेल्या तीन खरेद्यांची माहिती काढली. दुय्यम निबंधक कार्यालयातल्या सूची क्रमांक दोनमध्ये अशा नोंदी कुणालाही पाहता येतात. शासनाचा वार्षिक मूल्यदर तक्ता, ज्याला लोक रेडी रेकनर म्हणतात, तोही पाहिला. तो मुद्रांक शुल्कासाठी असतो, बाजारभाव त्याच्याहून वर-खाली असू शकतो. पण त्याच्या फार खाली विकलं तर आयकर खातं तोच आकडा विक्रीची किंमत धरतं, दहा टक्क्यांपर्यंतचा फरक सोडून. रविवारी सकाळी पुठ्ठ्यावर लिहून लावलं: ४६ लाख, बोलायला जागा आहे. त्या दिवशी आलेल्यांशी पाच मिनिटांत मुद्द्याचं बोलणं होऊ लागलं. ज्यांना झेपणार नव्हतं ते चहा घेऊन मोकळ्या मनानं गेले.

८. रोखीला नकार पहिल्या दिवशीच द्यावा

"एक नंबर किती, दोन नंबर किती?" हा प्रश्न लाजत नाहीत लोक विचारायला. १ जून २०१५ पासून स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेता येत नाही. घेतली तर जितकी रक्कम तितका दंड, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला. आम्ही सगळे पैसे बँकेतून घेणार असं सांगितल्यावर एक चांगली बोलणी तिथंच थांबली. मला त्याचं वाईट वाटत नाही. तिघांत वाटून घ्यायचे पैसे होते. ज्याचा हिशेब कागदावर नाही असा एक रुपयाही मला भावंडांमध्ये नको होता.

९. दलाल वाईट नसतो, त्याचं गणित वेगळं असतं

आमचे दलाल त्या दोन दिवसांवर नाराज होते. मी त्यांना समजू शकते. दोन टक्क्यांनी ४६ लाखांचे ९२ हजार होतात, ४४ चे ८८. आमचे दोन लाख कमी झाले तर त्यांचे चार हजारच कमी होतात. म्हणून त्यांना लवकर उरकणं परवडतं, आपल्याला थांबणं. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हरसन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातल्या सुमारे एक लाख घरविक्र्या तपासल्या. एजंट स्वतःचं घर विकतो तेव्हा तो सुमारे साडेनऊ दिवस जास्त थांबतो आणि पावणेचार टक्क्यांच्या आसपास जास्त किंमत मिळवतो, असं त्यांना दिसलं. लांब राहणाऱ्यांना दलालाची गरज लागते हे खरं आहे. पण घराची किल्ली आणि घराची कथा, दोन्ही त्याच्या एकट्याच्या हाती देऊ नयेत.

१०. हंगाम पाहावा

आपल्याकडं सोयाबीन विकून दिवाळीनंतर हातात पैसा येतो. पितृपक्षात कुणी इसार देत नाही, आषाढात फारसं कुणी फिरकत नाही. नोकरदार माणूस मार्च ते जूनमध्ये घर पाहतो, शाळेच्या हिशेबानं. कार्तिक आम्ही तुळशीसाठी निवडला होता, तो घरासाठीही बरोबर निघाला.

११. खरं गिऱ्हाईक दार लावल्यावर येतं

२२ नोव्हेंबरला, म्हणजे घर उघडल्याला सतरा दिवस झाल्यावर, एका बाईंचा फोन आला. त्या मालेगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, यजमान वीज कंपनीत. त्या आमच्याकडं आल्या नव्हत्या. त्यांची आत्या आईच्या भजनी मंडळातली. तुळशीच्या लग्नाला ती येऊन गेली होती आणि भाचीला तिनं इतकंच सांगितलं होतं की माणसं एकदिलाची आहेत, घर पाहून घे.

त्या चार वेळा आल्या. एकदा सकाळी साडेसहाला, ऊन कुठून येतं ते पाहायला. एकदा यजमानांच्या आईला घेऊन, पायऱ्या किती आहेत ते दाखवायला. फेरफार बाकी आहे हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्या म्हणाल्या, काकाजींनी सांगितलंय, थांबतो आम्ही. तो अभियंता थांबू शकला नाही आणि या थांबल्या, यात काकाजींच्या त्या एका शब्दाचा मोठा वाटा आहे. जानेवारीच्या शेवटी इसारपावती झाली, १० मार्च २०२३ ला खरेदीखत. ४३ लाख ५० हजार. घर बाईंच्या नावावर घेतलं, त्यामुळं मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळाली. तेव्हा त्या सवलतीला अट होती की पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकता येणार नाही. ती अट पुढं २०२३ मध्येच निघाली. आम्ही भांडवली नफ्याचा कर भरला. १ एप्रिल २००१ च्या आधीच्या घराला त्या तारखेचं मूल्यांकन धरता येतं, ते सरकारमान्य मूल्यांकनकाराकडून लेखी घेऊन ठेवलं होतं. जुलै २०२४ नंतर या कराचे दर बदलले आहेत, तेव्हा आता विकणाऱ्यानं सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय आकडेमोड करू नये.

१२. किल्ली शेजाऱ्याकडं ठेवावी

६ नोव्हेंबरच्या रात्री आम्ही दार लावलं, पण किल्ली दलालाकडं परत दिली नाही. समोरच्या काकूंना दिली. पुढचे चार महिने त्या रोज सकाळी खिडक्या उघडत होत्या, संध्याकाळी देवापुढं दिवा लावून दार ओढून घेत होत्या. कुणी पाहायला आलं तर घर दाखवत होत्या. आम्ही त्यांना हे करायला सांगितलं नव्हतं.

खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयातून आम्ही सगळे घरी आलो. मी काकूंकडं किल्ली मागितली, नव्या बाईंना देण्यासाठी. काकूंनी पदराच्या गाठीतून ती सोडली आणि माझ्या हातात न देता सरळ त्यांच्या हातात ठेवली. म्हणाल्या, "सकाळच्या उन्हाची खिडकी थोडी अडते. खालून उचलून ढकलजो, मंग उघडते."

गुढीपाडव्याला ते राहायला आले. २२ मार्चला सकाळी बहिणीनं रिसोडहून जाऊन त्यांच्या गुढीला आंब्याचा डहाळा बांधला आणि मला फोटो पाठवला. त्यात मागं ती खिडकी उघडी दिसते आहे.